दुसऱ्याच्या प्लॉटवरची वांगी

चार माणसं, पाण्याची एक नळी आणि दुसऱ्याची जागा, एवढं भांडवल असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात! आमच्या शेतात तीन वर्षांत भाजी किती निघाली हे कोणी विचारू नये. पण कुठंही चहाला गेलो की "ते माकडाचं सांगा ना" नाहीतर "ते दाराचं सांगा" अशी फर्माईश होतेच. हल्ली सुषमा, म्हणजे माझी बायको, पाहुणे आले की दारातच सांगून टाकते, "ह्यांना शेताचं काही विचारू नका. जेवण थंड होईल!"

मी तेलंगणातल्या आदिलाबादला वीज ऑफिसात कारकून. आमचं घराणं निजामाच्या काळात इकडे आलं. पणजोबा पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणारे होते. कोणाचा रकबा किती, कोणाची विहीर कुठं, कोणाचा आंबा कोणाच्या बांधावर, असं अर्ध्या तालुक्याचं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं. आणि स्वतःच्या नावावर? एक वाफासुद्धा नाही! आजोबा मास्तर झाले, वडील पोस्टात गेले, मी विजेच्या बिलांत आलो. चार पिढ्यांत आमच्याकडे जी काही शेती झाली ती कुंडीत.

राहायला भाड्याचं घर, आणि गच्चीवर घरमालकांचे पापड. अशा माणसाला पन्नाशी जवळ आल्यावर शेती करायची हुक्की आली. पण बिनजमिनीच्या माणसाला शेती करता येते, फक्त त्याला चांगली माणसं भेटावी लागतात, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. मला ती भेटली. त्यांचेच हे किस्से.

* * *

आमच्या कॉलनीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला, रिकाम्या प्लॉटांची एक रांग आहे. त्यातला एक मल्लय्या सारांचा, हे मला ठाऊक होतं. मल्लय्या सार म्हणजे मला शाळेत तेलुगू शिकवणारे मास्तर. मराठी पोरांना तेलुगू शिकवता शिकवता त्यांची स्वतःची मराठी पक्की झाली, आमची तेलुगू मात्र तशीच राहिली. गुडघे गेल्यामुळे सार आता घराबाहेर पडत नाहीत. मी गेलो तेव्हा खाटेवर पाय लांब करून पेपर वाचत होते.

म्हटलं, "सार, तुमचा प्लॉट रिकामा पडलाय. आम्ही साफ करतो आणि भाजी लावतो."

सारांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय रा अनिल, तुला तेलुगूत पस्तीस मार्क देताना माझा हात कापला होता. आता तू भाजी लावतो?"

ती पस्तीस मार्कांची मेहेरबानी माझ्यावर आहेच.

"किराया नको," सार म्हणाले. "कागद पण नको. पण दोन गोष्टी. तुमच्यात वानवळा म्हणतात ना? शेतातलं पहिलं निघालं की जवळच्याच्या घरी पाठवतात? तो आधी माझ्या घरी आला पाहिजे. प्रत्येक भाजीचा."

"येईल सार. दुसरी गोष्ट?"

"स्वप्ना. माझी मुलगी. हैदराबादला नोकरी करते. ज्या दिवशी ती येऊन म्हणेल, नाना, मी इथं इल्लु बांधते, त्या दिवशी तुम्ही हात वर करायचे. वांगी असोत, फुलं असोत. नंतर रडायचं नाही रा!"

नाना म्हणजे बाबा, इल्लु म्हणजे घर. मी कबूल झालो. सारांनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढून दिला: हा रस्ता, हा विजेचा खांब, आणि खांबापासून पूर्वेकडचा पहिला प्लॉट आपला. त्यावर एक फुली.

तेव्हापासून तीन वर्षं स्वप्ना आमच्या शेतात राहिली. मी तिला लहानपणानंतर पाहिलंसुद्धा नव्हतं, पण एक रोप तिला विचारल्याशिवाय लावलं नाही. शेवगा? नको, झाड मोठं व्हायच्या आत स्वप्ना येईल. पपई? बघू. मेथी? लावा लावा, मेथी स्वप्नाच्या आधी येते!

* * *

जागा मिळाली म्हटल्यावर शेजारचे गजूभाऊ आपण होऊन आले. गजूभाऊ सर्व्हे खात्यातून रिटायर. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि आता घरात मोजायला काही उरलं नाही म्हणून बेचैन. लग्नपत्रिकेवरचा नकाशा पाहून त्यांचे डोळे चमकले.

"अनिल, जाग्यावर जाऊन मौका पाह्यल्याशिवाय कब्जा घ्याचा नसते."

दुसऱ्या दिवशी लोखंडी टेप आणि चार खुंट्या घेऊन, जुनी ऑफिसची टोपी घालून ते हजर. खांबापासून तीनदा मोजलं. प्रत्येक वेळी मला टेपचं दुसरं टोक धरून बाभळीच्या काट्यात उभं केलं. मग बसून पंचनामा लिहिला. चौहद्दी: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाला, पूर्वेस बाभूळबन, पश्चिमेस बाभूळबन. खाली माझी सही, सुषमाची सही, त्यांची सही.

सुषमा म्हणाली, "गजूभाऊ, भाजी लावायची आहे. तालुका नाही वसवायचा!"

"वहिनी, आज हसून घ्या. उद्या हद्दीचा वाद आला की हा कागदच कामी पडते."

मग चार रविवार आम्ही कचरा उपसला. एक हेल्मेट, अर्धा टीव्ही, पोतंभर चपला, आणि सगळ्यांत खाली एक अख्खं दार. चौकटीसकट, कडीसकट! गजूभाऊंना ते फेकवेना. त्यांनी रस्त्याच्या बाजूला ते दार उभं केलं. कुंपण नाही, भिंत नाही, नुसतं दार. संध्याकाळी घरी जाताना त्याला कुलूप लावायचे.

पहिल्याच आठवड्यात एक बकरी दाराच्या बाजूनं आत गेली, पालक खाल्ला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. मी म्हटलं, "गजूभाऊ, ह्या कुलपाचा उपयोग काय?"

"कुलूप कायद्यासाठी असते, अनिल. बकरीसाठी नाही!"

* * *

शेती आम्ही मोबाइलवर पाहून शिकलो. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं तसं वीतभर अंतर, बोटभर खोली, सगळं पट्टीनं. महिन्याभरात जे उगवलं ते पाहून आम्हाला आमचंच कौतुक वाटायला लागलं होतं.

एका सकाळी एक बाई रस्त्यावर थांबल्या. हातात डबा, अंगात निळा एप्रन. मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाक करतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बराच वेळ पाहिलं आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हे कोणं लावलं?"

"मी," मी जरा ऐटीत म्हटलं.

"भाऊ, ही पालक हाय का लग्नाची पंगत? इतली खेटून बसवली तर जेवंल कशी?"

डबा खाली ठेवला, चपला काढल्या, दाराच्या बाजूनं आत आल्या आणि तासाभरात अर्धा पालक उपटून टाकला. मला रडू यायचं बाकी होतं. पंधरा दिवसांनी उरलेल्या पालकाची पानं तळहाताएवढी झाली!

ह्या विमलताई. भीमपूरकडच्या. माहेरी कापूस, ज्वारी, सोयाबीन. लग्न होऊन शहरात आल्या, नवरा लवकर गेला, आणि हॉस्टेलच्या चुलीपुढं वीस वर्षं गेली. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी कामावर जायच्या आधी येऊ लागल्या. येताना आदल्या दिवशीची हॉस्टेलमधली भाज्यांची सालं बादलीभर आणायच्या खतासाठी.

एकदा मी म्हटलं, "ताई, आधीच दिवसभर उभं राहणं, त्यात हे कशाला?"

त्या माती चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, वीस वर्षं झाली, ह्या हाताले पीठ लागते, तेल लागते. माती नाही लागली. आता लागून राह्यली तर लागू द्या." मग चाळणी झटकून, "ती सारांची पोरगी कवा येते म्हंता?"

"माहीत नाही, ताई."

"तवरिक लागू द्या."

खरं सांगतो, त्या दिवसापासून स्वप्ना येऊ नये असं मला माझ्यासाठी नाही, विमलताईंसाठी वाटायला लागलं. आम्हाला शेत म्हणजे हौस होती, त्यांचं ते हरवलेलं परत मिळालेलं होतं.

* * *

पाण्याचं काय केलं, हा प्रश्न सगळे विचारतात. सुरुवातीला मी स्कूटरवर डबे बांधून पाणी आणायचो. अर्धं पाणी रस्ता प्यायचा, पाव भाग माझी पॅन्ट.

आमच्या प्लॉटच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे एक छोटं घर आहे. तिथं दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असायचा. कॉलनीतले सगळे त्याला तात, म्हणजे तेलुगूत आजोबा, म्हणायचे, म्हणून आम्हीही तात म्हणू लागलो. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधलेला माणूस, बायको वारलेली, एकटाच राहायचा. आठ दिवस त्यांनी माझे डबे पाहिले. नवव्या दिवशी उठले, घरात गेले आणि हिरव्या नळीचं एक टोक रस्त्यावरून आमच्याकडे आणून टाकलं.

"डब्बे में कित्ते दिन लाते साब? हमारे बोर का लेलो."

मी संकोचलो. "तात, तुमचा करंट जळेल."

"करंट तुम्हारेच ऑफिस का है ना?"

झालं! त्यानंतर तीन वर्षं आमचं शेत तातांच्या पाण्यावर उभं आहे. त्यांनी बदल्यात एक मिरचीसुद्धा मागितली नाही. फक्त खुर्चीवरून बोलायचे. "भेंडी पास पास होगए." "वो कोने में धूप नै आता." "वांगे को राख डालो." विमलताई त्यांचं ऐकायच्या, गजूभाऊंना मात्र राग यायचा. पंचनाम्यात ह्या माणसाचं नाव कुठंच नव्हतं!

एक दिवस आम्ही बोलत बसलो होतो आणि तात खुर्ची सोडून थेट आत आले. मिरचीच्या वाफ्यातली नळी उचलली आणि बाजूला केली. गजूभाऊ ताडकन उठले.

"ओ तात! हाथ मत लगाओ! जागा तुम्हारी है क्या?"

तातांनी गजूभाऊंकडे पाहिलं. मग कुलूपबंद दाराकडे पाहिलं. मग खुंटीकडे.

"मिरची को पानी जास्ती होरा, साब," एवढं म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

विमलताईंनी गजूभाऊंना फैलावर घेतलं. "पाणी त्याइचं घेता अन् त्याइलेच दटावून राह्यले? लाज नाही वाटत काय?" गजूभाऊ म्हणाले, शिस्त ती शिस्त. आठवड्याभरात मिरचीची पानं पिवळी पडून गळाली. गजूभाऊंनी शेताच्या वहीत कारण लिहिलं: 'हवामान'.

* * *

माकडांचा किस्सा छोटाच आहे.

आदिलाबादेत माकडं माणसांपेक्षा नियमानं वागतात. रोज आठ वाजता येतात. गजूभाऊंनी त्यावर उपाय म्हणून बुजगावणं केलं. त्याला स्वतःचा ऑफिसचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, डोक्यावर ती टोपी, आणि गळ्यात जुनं ओळखपत्रसुद्धा. हुबेहूब गजूभाऊ!

दुसऱ्या दिवशी आठ वाजता माकडं आली. एक मोठा हुप्प्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसला, टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि शांतपणे टोमॅटो खाऊ लागला.

गजूभाऊ काळेनिळे झाले. विमलताई म्हणाल्या, "वांदरं बी ओळखून राह्यले भाऊ. हा साहेब रिटायर झाला!"

* * *

वानवळ्याची अट आम्ही कधी मोडली नाही. पहिली भेंडी, पहिली मेथी, पहिली गवार, सगळं आधी मल्लय्या सारांकडे. मला वाटायचं सार खूश होऊन आशीर्वाद देतील. पण मास्तर तो मास्तरच! त्यांनी एक जुनी वही काढली आणि आमच्या भाज्यांना मार्क द्यायला सुरुवात केली.

"भेंडी. शंभरपैकी साठ. जून झाली रा, दोन दिवस आधी तोडायची."

"मेथी. सत्तर. माती नीट धुतली नाही."

"गवार. चाळीस. ही गवार आहे का दोरी?"

मी पन्नाशीचा माणूस, पण दर वेळी सारांच्या खाटेपुढं उभा राहिलो की हात आपोआप मागं जायचे. विमलताईंची वांगी घेऊन गेलो त्या दिवशीचं विसरणार नाही. छोटी, जांभळी, काटेरी देठाची. सारांनी एक वांगं हातात घेतलं, फिरवलं, वास घेतला. आत जाऊन सुनेला करायला सांगितलं आणि मला तिथंच बसवून ठेवलं. भाजी झाली, खाल्ली, हात धुतले. मग वही काढली.

"शंभर."

मी पाया पडायला वाकलो. सार म्हणाले, "तुला नाही रा. ज्या बाईनं लावली तिला!"

हे मी विमलताईंना सांगितलं. त्या "बरं" म्हणून कामाला लागल्या. पण दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या मुलींनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "अंकल, आमच्या मावशीला शंभर मार्क पडले म्हणे, कशात?"

* * *

दुसऱ्या वर्षी विमलताईंनी हट्ट धरला की एका कोपऱ्यात कापूस लावायचा. गजूभाऊ म्हणाले, भाजीच्या जागेत कापूस म्हणजे जागेची नासाडी. विमलताई म्हणाल्या, "शेत म्हणा अन् पऱ्हाटी नाही, हे मले पटत नाही." पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. एकोणीस झाडं लावली. रस्त्यानं जाणारे आमचे ऑफिसवाले थांबून विचारायचे, "काय साहेब, जिनिंग टाकता काय?"

बोंडं फुटली, आणि विमलताई म्हणाल्या, सीतादही केल्याशिवाय एक बोंड तोडायचं नाही. त्यांच्या गावाकडे वेचणी सुरू करायच्या आधी पऱ्हाटीच्या बुडाशी खडे मांडतात, हळदीकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच कापसाला हात लावतात. शेकडो एकरांची चाल आम्ही एकोणीस झाडांसाठी केली! सुषमानं दहीभात केला. गजूभाऊंनी आपलं दार धुऊन पुसून त्याला आंब्याचं तोरण बांधलं.

सगळं मांडून झालं आणि विमलताई थांबल्या. "पुजेले मालक बसते. मालक कुठी हाय?"

मल्लय्या सारांना पायऱ्या उतरता येत नाहीत. मी बसणार नाही म्हटलं, आपण पाहुणे. गजूभाऊ तयार होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही. विमलताईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि रस्त्यापलीकडे हाक मारली.

"तात! मालक नाही, तर मालकाच्या जाग्यावर तुमी बसा. मोठं माणूस पायजे."

तात खुर्चीतून अर्धे उठले. "मैं?"

"या ना!"

ते आत गेले. आम्हाला वाटलं आता येणार नाहीत. दहा मिनिटांनी अंघोळ करून, पांढरा धुतलेला शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आले. पाटावर बसले. विमलताई सांगतील तसं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग पहिलं बोंड त्यांनीच वेचलं. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढून पाहिला, जिनिंगमध्ये तंतूची लांबी पाहतात तसा. कितीतरी वेळ पाहत राहिले.

"अच्छा है," म्हणाले. "बहुत अच्छा है."

त्या कापसाच्या वाती सुषमा अजून देवापुढं लावते. एकोणीस झाडांचा कापूस, पण संपत नाही.

* * *

आणि मग यंदा स्वप्ना आली.

सारांचा फोन आला. "अनिल, रविवारी येते. इंजिनीअर घेऊन येते." आणि फोन ठेवला.

मी सगळ्यांना सांगितलं. गजूभाऊंनी आपण होऊन दाराचं कुलूप काढलं. विमलताईंनी सगळ्या वाफ्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ज्याची जागा त्यानं घ्यावं भाऊ. तीन वर्षं कोण देते? वांगी माह्याच हातानं उपटीन. दुसऱ्या कोणी हात नका लावू." मी उगाच नळी गुंडाळत बसलो.

रविवारी सकाळी स्वप्ना आली. चांगली पोरगी. आमचं शेत पाहून ओशाळली. "सॉरी अंकल, मला माहीत नव्हतं इतकं सुंदर आहे." विमलताईंनी तिच्या हातात वांग्यांची पिशवी दिली. "घे बाई. तुह्या जाग्याचा शेवटचा वानवळा."

इंजिनीअर मात्र कामाचा माणूस. त्यानं खिशातून लेआउटचा छापील नकाशा काढला, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाडलेला दगड शोधला आणि तिथून मोजत आला. मोजत मोजत आला आणि पश्चिमेच्या बाभूळबनात शिरला. आतून ओरडला, "मॅडम, आपका प्लॉट इधर है!"

"नामुमकिन!" गजूभाऊ म्हणाले.

त्यांनी स्वतः टेप घेतला. दगडापासून एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बाभळीतच! गजूभाऊ घामाघूम होऊन उभे राहिले आणि त्यांनी खांबाकडे पाहिलं.

"हा खांब... हा इथंच होता ना आधी?"

आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. जी माझी नव्हतीच! सार घराबाहेर पडेनासे झाल्यावर कधीतरी नालीच्या कामासाठी ह्या रस्त्यावरचा खांब एक प्लॉट पूर्वेकडे सरकवला होता. आमच्याच ऑफिसनं. ती फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. तिच्यावर माझी सही आहे.

सुषमानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गजूभाऊंकडे. "म्हणजे एकानं खांब हलवला आणि दुसऱ्यानं त्या खांबापासून तीनदा मोजलं?"

स्वप्नानं वडिलांना फोन लावला. स्पीकरवर सारांचा आवाज आला. "मग तीन वर्षं मी कोणाची वांगी खाल्ली रा?"

खरं तर आम्ही आनंदानं नाचायला हवं होतं. शेत वाचलं होतं! पण विमलताईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "आजवरिक दिल्या जाग्यावर होतो. आता चोरीच्या जाग्यावर आलो." आणि त्यांनी जाहीर केलं की मालक सापडेपर्यंत एका भाजीला हात लावायचा नाही. चार दिवस वांगी झाडावर लोंबत राहिली. फक्त पाणी चालू ठेवलं, रोपांचा काय गुन्हा?

गजूभाऊ लाजेनं अर्धे झाले होते. ते रजिस्ट्रेशन ऑफिसात गेले, दिवसभर बसले आणि मालकाचं नाव घेऊन आले. कागदावर सुवाच्य अक्षरात: 'आशन्ना, वल्द गंगाराम.' पत्ता फक्त गावाचा. टपरीवर विचारलं, देवळात विचारलं. आशन्ना कोण, कोणालाच माहीत नाही.

शेवटी आम्ही ठरवलं की सापडेल तेव्हा सापडेल, तयारी तरी करून ठेवू. विमलताईंनी टोपली भरली. वांगी, भेंडी, मेथी, मिरच्या, वर सीतादहीच्या कापसाचा पुंजका. तीन वर्षांचा राहिलेला वानवळा. गजूभाऊंनी माफीचा मसुदा लिहिला, दोन पानी. आणि सुषमा म्हणाली, "अहो, तातांना विचारा ना. ते इथले सगळ्यांत जुने."

आम्ही चौघं टोपली घेऊन रस्ता ओलांडून गेलो. तात खुर्चीवर चहा पीत होते.

मी म्हटलं, "तात, इधर कोई आशन्ना रहता क्या? वल्द गंगाराम?"

तातांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बोलो," म्हणाले.

गजूभाऊंनी मसुदा तसाच घडी करून खिशात घातला. आणि दोन्ही हात जोडले. मग विमलताईंनीच टोपली तातांच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, "मंग तात, तीन वर्षं बोल्ले काऊन नाही?"

तातांनी टोपलीकडे पाहिलं. त्यातला कापसाचा पुंजका उचलून शर्टाच्या खिशात ठेवला. मग आमच्या खांद्यांवरून पलीकडे, शेताकडे पाहिलं.

"मिरची को पानी जास्ती होरा, साब."

विमलताईंनी पदर खोचला, धावत रस्ता ओलांडला आणि नळी उचलून वांग्यांच्या वाफ्यात टाकली.